मि.ली.चं बटण सोडलं, तर काटा झकास

आधी निकाल सांगून टाकते. वेळ असेल त्यांनी पुढचं वाचावं. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, पाच किलोपर्यंतचा आणि एकेक ग्रॅम दाखवणारा, घरात असावाच. पण त्यावर ‘मि.ली.’ असं जे एक एकक दिलेलं असतं आणि जाहिरातीत ज्याचं भलतंच कौतुक असतं, त्याच्या नादी लागू नये. पाणी आणि दूध वगळता ते बहुतेक वेळा चुकीचं सांगतं, आणि तेही अगदी छातीठोकपणे, आकड्यात.

कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, कारण हाच काचेचा चौकोनी तुकडा चार-पाच नावांनी विकला जातो. खालचा स्टिकर तेवढा वेगळा. किंमत नऊशेच्या आतबाहेर. वर काच, समोर निळसर आकडे, आणि दोनच बटणं: एक चालू-बंद आणि शून्य करायचं, दुसरं एकक बदलायचं. एकक बदलत गेलं की ग्रॅम, मग पाण्याचे मि.ली., मग दुधाचे मि.ली., मग पौंड-औंस, मग फ्लुइड औंस, आणि फिरून ग्रॅम.

मी सांगलीची. शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहे. दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते, एरवी अधूनमधून केक. माझं सगळं आयुष्य वाटी, पळी आणि ओघराळ्यावर गेलं. तरी काटा घेतला तो सुनेमुळे. ती मेलबर्नला असते. भजणीचं माप सांगायला लागले की तिकडून प्रश्न यायचा, “आई, चमचा म्हणजे कुठला चमचा?” सुरुवातीला मला हा उगाच काढलेला फाटा वाटायचा. मग कळलं की ऑस्ट्रेलियातला मोठा चमचा २० मिलिलिटरचा असतो. आपल्याकडे दुकानात मापाचे चमचे म्हणून जो संच मिळतो, त्यातला मोठा १५ चा. अर्धा किलो भजणीला मी चार मोठे चमचे मोहन सांगितलं होतं. म्हणजे माझ्या हिशोबाने ६० मिलिलिटर, तिच्या चमच्याने ८०. तिची चकली तेलात पडल्या पडल्या विरली, आणि ती बिचारी भजणीला दोष देत बसली. कपांचीही तीच गत: अमेरिकेचा कप साधारण २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५० चा, जपानचा २०० चा. ग्रॅम मात्र सांगलीत आणि मेलबर्नला एकच. आता मी तिला “५५ ग्रॅम तेल” एवढंच कळवते. तिच्याकडे काटा आहे, माझ्याकडे आहे, वाद मिटला.

आता हे ६० मिलिलिटरचं ५५ ग्रॅम कसं झालं, तिथेच या काट्याची खरी गोम आहे.

काट्याच्या पोटात एक धातूची पट्टी असते. वर वजन आलं की ती केसाहूनही कमी वाकते. तेवढ्याने तिच्यावर चिकटवलेल्या तारांचा विद्युतरोध बदलतो, आणि त्यावरून वजनाचा आकडा निघतो. त्याला एवढंच कळतं. भांड्यात तेल आहे, मध आहे की चिंचेचा कोळ, हे त्याला कळायचा काही मार्गच नाही. म्हणून मि.ली. दाखवायचं म्हटलं की तो एक गोष्ट गृहीत धरतो. पाण्याच्या खुणेवर असेल तर एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, म्हणजे ग्रॅमचाच आकडा नुसता कपडे बदलून पुढे येतो. दुधाच्या खुणेवर असेल तर तो ग्रॅमला १.०३ ने भागतो. बस, एवढंच. सोबतच्या घडीपत्रिकेत याबद्दल चकार शब्द नाही. “द्रवपदार्थ अचूक मोजा” असं मात्र खोक्यावर मोठ्या अक्षरात आहे, आणि शेजारी तेलाच्या बाटलीचं चित्र!

तेलाचंच घ्या. शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं, सोयाबीनचं, कुठलंही खायचं तेल पाण्यापेक्षा हलकं: एक मिलिलिटरला ०.९१ ते ०.९२ ग्रॅम. केकच्या कृतीत १२० मिलिलिटर तेल आहे आणि तुम्ही काट्यावर मि.ली. लावून १२० दिसेपर्यंत ओतलंत, तर भांड्यात १२० ग्रॅम तेल जातं, म्हणजे १३० मिलिलिटर. दोन छोटे चमचे जास्त. केक तेवढ्याने बिघडेलच असं नाही, पण तळाशी तेलकट थर धरला तर मग दोष ओव्हनवर जातो. बरोबर वजन ११० ग्रॅम.

तेलाच्या पिशवीवर हे छापलेलंच असतं, आपण वाचत नाही. एक लिटरच्या पिशवीवर बारीक अक्षरात ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं. आपण मात्र दुकानात जाऊन “एक किलो तेल द्या” म्हणतो आणि एक लिटरची पिशवी घेऊन येतो. दर महिन्याला ९० ग्रॅम कमी, आणि कुणाची तक्रार नाही. डब्यात हा फरक चांगलाच अंगावर येतो. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा शेजारी ठेवले तर दिसायला भावंडं, पण लिटरच्या डब्यात तेल भरतं साधारण १३ किलो ६५० ग्रॅम. सव्वा किलोहून जास्त फरक. गणपती पेठेत भाव विचारताना “किलोचा की लिटरचा” हे आधी विचारा, मग घासाघीस करा.

यात आणखी एक भानगड होती. तेल तापलं की फुगतं. त्यामुळे एक लिटर तेलाचं वजन किती, ते कुठल्या तापमानाला मोजलं त्यावर ठरतं. काही कंपन्या पिशवीवर ६० अंश तापमान लिहायच्या. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये यावर बोट ठेवलं आणि सोयाबीन तेलाचं उदाहरण दिलं: २१ अंशाला लिटरचं वजन ९१९ ग्रॅम, ६० अंशाला ८९२.६ ग्रॅम. तापमान न लिहिता वजनही छापा म्हणून १५ जानेवारी २०२३ ची मुदत दिली गेली. आता पिशवीवर ग्रॅम सापडतात, फक्त चष्मा लावून शोधावे लागतात. आणि ९१० पेक्षा कमी ग्रॅमच्या, पण दिसायला तेवढ्याच पिशव्याही बाजारात असतात, तेव्हा शोधाच.

हे फुगणं कंपन्यांपुरतं नाही, ते आपल्या कढल्यातही चालू असतं. चकलीला, शंकरपाळ्याला, करंजीच्या पारीला कडकडीत मोहन घालतो ना, ते तापल्यावर चमच्याने मोजलं तर चमच्यात तेल कमी येतं. वरच्याच आकड्यांवरून हिशोब करा: ३९ अंशांत जवळजवळ तीन टक्के फरक, मग धूर निघायच्या बेतात आलेल्या तेलात तो दहा टक्क्यांच्याही वर जाणार. एकजण गार तेल मोजून तापवते, दुसरी तापवून मोजते, आणि दोघी म्हणतात “चार चमचे मोहन.” दोघींच्या चकल्या वेगळ्या होणारच. वजन मात्र तापवल्याने बदलत नाही. कढलं काट्यावर ठेवायचं, शून्य करायचं, गार तेल ५५ ग्रॅम ओतायचं आणि मग गॅसवर चढवायचं. एवढ्या एका सोयीसाठी मला हे नऊशे रुपये वसूल वाटतात.

तुपाचं गणित तेलासारखंच. लिटरच्या खोक्यावर ९०५ ग्रॅम लिहिलेलं असतं, तेव्हा ०.९१ धरायला हरकत नाही. पण थंडीत तूप रवाळ घट्ट होतं, वाटीत दाबून भरलं की एक माप आणि हलकं भरलं की दुसरं, मधे हवा राहते. शंकरपाळ्याची आपली पिढीजात कृती “वाटी तूप, वाटी दूध, वाटी साखर, मावेल तेवढा मैदा” अशी असते. यात तूप पातळ की घट्ट, हे कुणी सांगत नाही. माझ्या वाटीने पातळ तूप १३६ ग्रॅम बसतं. आता थेट घट्ट तुपाच्या बरणीतून चमच्याने काढून १३६ ग्रॅम घेते, वितळवायचीही गरज नाही.

माझी वाटी किती मिलिलिटरची, हे मला कसं कळलं? काट्यानेच सांगितलं. आणि इथे ते पाण्याचं गृहीतक उपयोगी पडतं. कोरडी वाटी ठेवली, शून्य केलं, काठोकाठ पाणी भरलं, आकडा आला १५०. पाण्याचा ग्रॅम म्हणजे मिलिलिटर, तेव्हा वाटी १५० मिलिलिटरची. मग घरातली झाडून सगळी मापं अशी मोजली. आमटीची वाटी, आमरसाची वाटी, फुलपात्र, ओघराळं, पळी. आईकडून आलेलं एक पितळी भांडं मी जन्मभर पावशेर म्हणून वापरत होते. त्याचं खरं माप आता भिंतीवर लिहिलं आहे. काटा घेतलात तर पहिल्या रविवारी हेच करा. तुमच्या जुन्या वहीतल्या सगळ्या कृती एका दुपारी ग्रॅममध्ये उतरतात.

कोणत्याही पदार्थाचा, मिलिलिटरला किती ग्रॅम, हा आकडा काढायचा तर हीच रीत. वाटीत पाण्याचं वजन १५०, त्याच वाटीत काठोकाठ तो पदार्थ भरून वजन घ्या, १५० ने भागा. झालं. माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. दूध १.०३. दही, फेटलेलं असेल तर तेवढंच. साय काढून केलेली क्रीम साधारण १, म्हणजे पाण्याइतकीच. व्हिनेगर १.०१. नारळाचं दूधही पाण्याच्या आसपास, दाट-पातळावर थोडं इकडेतिकडे. कंडेन्स्ड मिल्क १.३, म्हणून ४०० ग्रॅमच्या डब्यात ते जेमतेम ३०० मिलिलिटरच्या वर भरतं, आणि इंग्रजी कृतीत “दीड कप” लिहिलेलं असलं की एक डबा पुरत नाही. चिंचेच्या कोळाचा आकडा मात्र मी लिहिलेलाच नाही. कोळ कोण किती दाट काढेल याला काही धरबंध नाही. तिथे कोरडी चिंच मोजावी.

आता काकवी आणि मध. इथे मि.ली.चं बटण पार उघडं पडतं. मध पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड, मिलिलिटरला १.४२ ग्रॅम. काकवीही १.४ च्या घरात, गुऱ्हाळावर ती किती आटवली त्यावर थोडं कमीजास्त. आमच्या भागात हंगामात गुऱ्हाळावरून काकवी बाटलीत भरून आणतात. लिटरच्या पाण्याच्या बाटलीत भरली तर ती १ किलो ४०० ग्रॅमच्या आसपास जाते, आणि विकणारा वजनावर विकत असेल तर गिऱ्हाईक उगाच चकित होतं. उलट एक किलो मधाच्या बाटलीत मध असतो ७०० मिलिलिटर. मग काट्यावर १०० मि.ली. दिसेपर्यंत काकवी ओतली तर प्रत्यक्षात पडते ती सत्तर-बहात्तर मिलिलिटर. गोडाच्या पदार्थात तीस टक्क्यांची घट लपत नाही. तेलाला जास्त पडतं, काकवीला कमी. एकाच केकमध्ये दोन्ही असतील तर चूक दोन उलट्या दिशांना जाते.

पण याच चिकट पदार्थांसाठी काट्याचा एक गुण फार आवडला. काकवी कपात ओतून मोजली की अर्धी कपालाच चिकटून राहते. त्यापेक्षा बाटलीच काट्यावर ठेवायची, शून्य करायचं, आणि बाटली उचलून पिठात ओतायची. परत ठेवली की आकडा येतो उणे ७०. म्हणजे ७० ग्रॅम गेली. कप नाही, चमचा नाही, घासायला काही नाही. दुकानात घेताना काटा उणे आकडा दाखवतो ना, हे तपासून घ्या; काही स्वस्त काटे तिथे नुसत्या रेघा दाखवतात.

दुधाच्या खुणेला मात्र माझे पूर्ण गुण. गाईचं, म्हशीचं, कुठलंही चांगलं दूध १.०३ च्या आसपासच असतं. डेअरीत दुग्धमापी बुडवून जी २८ ते ३२ डिग्री बघतात ती हीच: २८ म्हणजे १.०२८, ३२ म्हणजे १.०३२. पाणी घातलं की आकडा खाली येतो. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी फोडून पातेल्यात रिकामी केली आणि दुधाच्या खुणेवर बघितलं, तर काटा ४९८ नाहीतर ४९९ दाखवतो. राहिलेले थेंब पिशवीला. ग्रॅममध्ये तेच ५१५ च्या आसपास येतं. बासुंदीला या काट्याचा चांगला उपयोग होतो. दूध निम्मं आटलं की नाही हे पातेल्याच्या कडेवरच्या रेघेवरून ठरवण्यापेक्षा वजनावरून ठरवावं. मात्र वजन निम्मं झालं म्हणजे उंचीही बरोबर निम्मी दिसेल असं नाही, कारण आटतं ते पाणी आणि मागे राहतं ते जास्त दाट. आणि गरम पातेलं थेट काचेवर ठेवू नका. खाली लाकडी पाट ठेवा, पाटासकट शून्य करा. उष्णता आत गेली की आकडा तरंगायला लागतो, काचेचा तर भरवसाच नाही.

अचूकतेबद्दल तक्रार नाही. दहा रुपयांची रुपयाच्या चिन्हाची नाणी ७.७ ग्रॅमची असतात. दहा नाणी ठेवली तर ७७ यायला हवेत, आणि येतात. दोन किलोच्या पुढेही फार फरक पडला नाही. ओट्यावर मात्र जागा बघून ठेवा. आपल्याकडे कडप्प्याच्या ओट्याला सिंककडे उतार दिलेला असतो; त्या उतारावर काटा मनासारखं सांगत नाही. जेवणाच्या टेबलावर तोच काटा सुतासारखा सरळ. पंख्याखाली मोठी हलकी परात ठेवली तरी शेवटचा आकडा नाचत राहतो.

आता त्रास. पहिला आणि सगळ्यात मोठा: दोन मिनिटं हात लावला नाही की हा आपोआप बंद पडतो, आणि बंद पडला की शून्य केलेलं विसरतो. पाक करायला घेतला, साखर मोजली, पाणी ओतायच्या आत दारावर कुरिअरवाला आला, परत येईपर्यंत पडदा काळा. चालू केला की पातेल्यासकट साखरेसकट सगळं शून्यात जमा. आता आत किती होतं, हे कुणी सांगायचं? यावर मी काढलेला उपाय सांगते, मला तो फार आवडला आहे. भांड्यांवर नाव घालून देणारा असतो ना, त्याच्याकडून माझ्या नेहमीच्या पातेल्यांवर आणि कढल्यावर रिकामं वजन घालून घेतलं आहे. लग्नातल्या पातेल्यावर मामांचं नाव, तारीख, आणि त्याखाली आता “६४२ ग्रॅ.” काटा विसरला तरी पातेलं विसरत नाही, एकूण वजनातून वजा केलं की झालं. नाव घालणारा आधी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला होता, पण त्याने अक्षर छान काढलं.

दुसरा त्रास बारीक धारेचा. पाणी किंवा तेल अगदी थेंबथेंब ओतलं तर सुरुवातीचे दोन-तीन ग्रॅम तो मोजतच नाही. आकडा शून्यावर चिकटून बसतो. हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली सोय आहे: धूळ, वारा, तापमान यांनी आकडा उगाच सरकू नये म्हणून काटा बारीकसारीक बदल गिळून टाकतो. पण आपण हळू ओतलं की आपलंही गिळतो. एकदम थोडं ओतावं, मग थांबावं.

त्याला जोडूनच, लहान मापं यावर करूच नका. एका चमच्यात केवड्याचं किंवा व्हॅनिलाचं इसेन्स पाच मिलिलिटर, म्हणजे काट्यावर पाचाच्या आसपास आकडा. त्यात एका ग्रॅमची चूक झाली तर वीस टक्के गेले. मोठ्या चमच्याहून कमी द्रव असेल तिथे चमचाच भला, फक्त तो मापाचा असावा, श्रीखंड खायचा नव्हे.

तिसरं, एकक बदलायचं बटण शून्याच्या बटणाला खेटून आहे. पिठाचे हात, ओली बोटं, आणि गडबड. शून्य करायला जावं तर ग्रॅमचे मि.ली. होतात, आणि काटा बंद करून चालू केला तरी तेच एकक धरून बसतो. पाण्याच्या खुणेवर आकडा तोच असल्यामुळे लक्षातही येत नाही; दुधाच्या खुणेवर गेला तर मात्र मैदा शंभराऐवजी सत्त्याण्णव दाखवतो आणि आपण तीन ग्रॅम जास्त घालतो. पडद्याच्या कोपऱ्यातली खूण इतकी बारीक आहे की ती माझ्या वयाच्या माणसासाठी काढलेलीच नाही.

फ्लुइड औंसाचं तर बोलूच नये. इंग्लंडचा फ्लुइड औंस २८.४ मिलिलिटरचा, अमेरिकेचा २९.६ चा. काट्यावर यातला कुठला, हे पत्रिकेत नाही. मी १०० ग्रॅम पाणी ठेवून बघितलं, ३.५ आलं, म्हणजे इंग्लंडचा. अमेरिकन कृती घेऊन बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. शिवाय औंस नुसता लिहिला असेल तर तो वजनाचा, २८.३५ ग्रॅम. मध आठ औंस म्हणजे २२७ ग्रॅम, पण आठ फ्लुइड औंस म्हणजे तीनशेच्या कितीतरी वर. मी त्या एककाकडे फिरकतच नाही. कृतीतच औंस असेल तर कागदावर ग्रॅम करते आणि मग काट्याला हात लावते.

फराळ विकणाऱ्या मैत्रिणींसाठी एक महत्त्वाचं. हा काटा घरातल्या मापापुरता. पुडे भरून वजनावर विकायला हा चालत नाही. खोक्यावरही व्यापारासाठी नाही असं लिहिलेलं असतं. विकायचं तर वैध मापन खात्याचा शिक्का असलेला काटा लागतो, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते. माझ्याकडे पुडे भरायला तसा वेगळा काटा आहे. तो अवजड आहे, कुरूप आहे, त्याला मि.ली.चं बटण नाही, आणि माझं त्यावाचून काही अडलेलं नाही.

घ्यायचा कुणी? केक-बिस्किटं करणाऱ्यांनी, मोठ्या प्रमाणावर फराळ करणाऱ्यांनी, परगावच्या-परदेशातल्या मुलांना कृती कळवणाऱ्यांनी जरूर. रोजच्या आमटी-भाताला, फोडणीच्या तेलाला नको. फोडणी मोजून घालायला लागलात तर मोहरी तडतडायची थांबते आणि हिंग करपतो. शक्यतो बटणसेलवाला घेऊ नका, पेन्सिल सेलवाला घ्या. माझ्यातले खोक्यातून आलेले सेल महिन्याभरात गेले, कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे आणले, त्यावर अजून चालू आहे. सेल उतरायला आले की हा गुपचूप चुकीचं दाखवत नाही, पडद्यावर ‘लो’ लिहून सरळ बंद पडतो. आणि भांडं ठेवायच्या जागेचा अंदाज घ्या. माझा जरा लहान आहे, मोठी परात ठेवली की आकडेच झाकले जातात, मग मी खाली उपडी वाटी ठेवते आणि त्यावर परात.